हरवल्याचं कळेपर्यंत

एक पिवळा डबा डोळ्यांसमोर आणा: मातीची घनता मोजणारं, पोटात किरणोत्सर्गी पदार्थ असलेलं यंत्र. सपाट तळ, वर उभी दांडी, दांडीला मूठ. नव्या रस्त्याचा भराव रोलरखाली पुरेसा दबला आहे का, हे तो जागच्या जागी सांगतो. जमिनीत भोक पाडायचं आणि दांडी आत सोडायची. तिच्या टोकाला सीझियम-१३७ या किरणोत्सर्गी पदार्थाची सीलबंद कुपी असते. तिचे गॅमा किरण मातीतून वाट काढत डब्याच्या तळाशी बसवलेल्या नळ्यांपर्यंत येतात. माती जितकी घट्ट, तितके कमी किरण पोचतात. ओलावा मोजायला दुसरी कुपी, अमेरिशियम आणि बेरिलियमची. काम झालं की दांडी वर ओढायची. कुपी जाड कवचात जाते आणि कुलूप लागतं. तिथे असेपर्यंत बहुतेक किरण आतच अडतात.

हा डबा चोरणाऱ्याला किरणोत्सर्गाशी काही देणंघेणं नसतं. त्याला पेटी महागाची वाटते, नाहीतर त्याला गाडीच हवी असते आणि डबा आपसूक सोबत जातो. अमेरिकेत अशा चोऱ्या वारंवार होऊ लागल्या, तेव्हा तिथल्या अणु नियामक आयोगाने २००५ मध्ये नियमच लागू केला: डब्यावर कुणाची नजर नसेल तेव्हा किमान दोन स्वतंत्र अडथळे हवेत. म्हणजे पेटीला एक कुलूप, आणि पेटी गाडीला जखडणाऱ्या साखळीला दुसरं.

मोजमापाच्या या डब्यापेक्षा कितीतरी घातक असतो रेडिओग्राफीचा कॅमेरा. पाइपांचे वेल्डिंगचे जोड आतून तपासण्यासाठी तो वापरतात आणि त्यात बहुधा इरिडियम-१९२ हा किरणोत्सर्गी धातू असतो.

पेरू देशातलं यानांगो. १९९९ चा फेब्रुवारी. जलविद्युत प्रकल्पावरच्या एका वेल्डरला धातूचा लहानसा तुकडा पडलेला दिसला. त्याने तो उचलून पँटच्या मागच्या खिशात टाकला, काम केलं आणि तसाच घरी गेला. रात्री रेडिओग्राफीचं काम सुरू झालं, तेव्हा कुठे कॅमेऱ्यातला स्रोत, म्हणजे किरण सोडणारा तोच तुकडा, गायब असल्याचं लक्षात आलं. तोवर कित्येक तास उलटले होते. पुढे त्या माणसाचा पाय कापावा लागला.

त्याआधी १९८४ मध्ये मोरोक्कोतल्या मोहम्मेदियात असाच एक इरिडियमचा स्रोत कॅमेऱ्यातून निसटला आणि वाटसरूने तो घरी नेला. धोक्याची खूण कॅमेऱ्याच्या डब्यावर होती, उघड्या पडलेल्या तुकड्यावर नव्हती. आठ जण दगावले. त्या घरातला शेवटचा माणूस गेल्यावरच कारण किरणोत्सर्ग असावा, अशी शंका आली.

अशा प्रकरणांत मला सर्वांत जास्त छळतो तो हा मधला काळ. वस्तू गेलेली असते आणि मालकाला पत्ताच नसतो.

२०२३ च्या जानेवारीत पश्चिम ऑस्ट्रेलियात हेच घडलं. न्यूमनजवळच्या खाणीतून एक मापकयंत्र ट्रकने पर्थला निघालं. आतली सीझियमची कुपी ८ मिलिमीटर उंच, ६ मिलिमीटर रुंद, वाटाण्याएवढी. यंत्राचा एक बोल्ट निखळलेला होता. १२ जानेवारीला यंत्र खाणीतून हललं, पेटी उघडली २५ तारखेला. तेरा दिवस कुणालाही काही माहीत नव्हतं. मग सुमारे १,४०० किलोमीटर रस्त्यावर शोध सुरू झाला. १ फेब्रुवारीला ताशी ७० किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीवरच्या यंत्राने इशारा दिला. कुपी रस्त्याच्या कडेपासून दोन मीटरवर पडली होती. पेटी पोचल्याबरोबर उघडून किरणमापकाने तपासली असती, तर त्यातले बरेच दिवस वाचले असते.

म्हणून डबा बाहेर नेताना नोंद हवी, परत आल्यावर किरणमापक लावून खात्री हवी. नुसती सही पुरत नाही. आणि गेलाच, तर त्याच दिवशी त्याचं छायाचित्र लोकांसमोर यायला हवं. बदनामीच्या भीतीने कंपनीने काढलेला एकेक तास कुणाच्या तरी अंगावर जातो.

अशी पेटी किंवा धातूची अनोळखी कुपी दिसली, तर हात लावू नका. ठाण्यात नेऊन द्यायलाही उचलू नका. दूर व्हा, इतरांना दूर ठेवा, पोलिसांना किंवा अग्निशमन दलाला बोलवा. हाताळली गेलीच असेल, तर डॉक्टरांना ते स्पष्ट सांगा. भाजल्याच्या खुणा दिसायला काही दिवस, कधी आठवडे लागतात, आणि तुम्ही सांगितल्याशिवाय डॉक्टरांच्या मनात किरणोत्सर्ग येणं अवघड आहे.