लालबाग ते फोर्ट : सही करण्याआधी

(मसाला कुटणाऱ्या डंखांची रांग. मुसळं वरखाली होतायत. पहिले काही सेकंद फक्त आवाज.)

लालबागची मिरची गल्ली. उन्हाळा लागला की इथे पाय ठेवायला जागा नसते. रंगाला बेडगी, तिखटाला लवंगी, शिवाय प्रत्येक घराची आपली आपली संकेश्वरी. धणे, खसखस, दगडफूल, नागकेशर भाजून घ्यायचं आणि डंखासमोर नंबर लावायचा. आपला मसाला दुसऱ्याच्या मसाल्यात जाऊ नये म्हणून गिऱ्हाईक शेवटपर्यंत तिथेच उभं.

तोंडाला पदर बांधलेल्या या दोघी जावा. जवळच्याच चाळीतल्या खोलीत त्या हा मसाला पाकिटांत भरतात. पाकिटावरचं नाव आम्ही धूसर केलंय आणि दोघींची नावंही सांगत नाही, कारण एका करारावर अजून सही व्हायची आहे.

(करारनाम्याची पानं. एका ओळीवर बोट.)

हा तो करार. एका वितरकाने पाठवलेला, इंग्रजीत, बारीक टायपात. सोबत निरोप : शुक्रवारपर्यंत सही करून द्या. त्यातली तीन कलमं लक्षात ठेवा. मालाचे पैसे नव्वद दिवसांनी. पाकिटावरचं नाव वितरकाच्या नावे नोंदवायचं. आणि करार संपल्यावरही पुढची काही वर्षं दुसऱ्या कोणाला माल द्यायचा नाही.

थोरल्या जाऊबाई सही करणार होत्या. इतकी मोठी ऑर्डर पहिल्यांदाच आली होती. धाकटीने विचारलं, "ताई, नव्वद दिवस म्हणजे गणपतीच्या मालाचे पैसे दिवाळी झाल्यावर?"

सहीचा विषय तिथेच थांबला आणि वकिलाचा निघाला.

(फोर्ट. जुन्या इमारतीचा जिना, भिंतीवर वकिलांच्या पाट्या.)

वकील शोधायचा कसा? त्यांच्या जाहिराती नसतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांमध्ये वकिलाने जाहिरात करायला मनाई आहे, पाटीसुद्धा माफक आकाराचीच हवी. म्हणून सगळा कारभार ओळखीवर चालतो. घरच्यांनी लगेच एक नाव सुचवलं : भाच्याचा खोलीचा दावा जिंकून देणारे वकील. ते हुशार असतीलच. पण करार लिहिणं, ट्रेडमार्क (मालाच्या नावाची नोंदणी), भागीदारी हे काम वेगळं आहे, आणि ते रोज करणारी माणसंही वेगळी.

मुंबईत तर ही विभागणी फार जुनी. हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला, म्हणजे जिथे दावे थेट हायकोर्टातच सुरू होतात तिथे, सॉलिसिटर अशिलाशी बोलून कागद तयार करतात आणि बाजू मांडणारे वकील, म्हणजे काउन्सेल, कोर्टात उभे राहतात. करार तपासून घ्यायला कोर्टात गाजणारं नाव लागत नाही. कलमं लिहिण्यात मुरलेला हात लागतो.

दोघींच्या सीएने दोन नावं दिली, दोघींनी दोन्हीकडे फोन केला. एका ऑफिसात पहिलाच प्रश्न आला : समोरची पार्टी कोण? हा प्रश्न चांगल्या ऑफिसची खूण आहे. वितरक आधीच त्यांचा अशील असेल तर त्याच व्यवहारात त्यांना या दोघींचं काम घेता येणार नाही.

मग धाकटीने आपले प्रश्न विचारले. करार तुम्ही स्वतः वाचणार की ज्युनियर? फी तासावर की ठोक? पहिल्या भेटीचे पैसे वेगळे का? स्टॅम्प ड्युटी आणि सरकारी फी यात धरलीय का? हे फोनवर विचारायला संकोच वाटतो, पण विचारलंच पाहिजे. फीचा आकडा लेखी घ्यावा. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाची सनद आहे ना, हे पाहून घ्यावं. "जिंकलो तर इतके टक्के" असं कोणी म्हणालं तर तिथून उठावं. निकालावर हिस्सा ठरवायला वकिलांना मनाई आहे.

(खोली. दुपार. फरशीवर कागद पसरलेले.)

भेट ठरली आणि खरं काम सुरू झालं. हे दृश्य आम्ही मुद्दाम लांब ठेवलंय. पहिल्या भेटीत वकिलाचा निम्मा वेळ कागद शोधण्यात गेला, तर सल्ल्याला उरतो निम्मा. आणि ही तयारी अशिलाशिवाय दुसरं कोणीही करू शकत नाही.

मिरचीची देठं काढावीत तसे दोघी कागद वेगळे करतायत. एका बाजूला परवाने : अन्नसुरक्षा नोंदणी, उद्यम नोंदणी, जीएसटी. दुसऱ्या बाजूला पैसा : बँकेचं पासबुक, विक्रीची बिलं, येणं बाकी. तिसरा गठ्ठा जागेचा. खोली भाड्याची आहे, आणि महाराष्ट्रात लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेलाच हवा. चौथा गठ्ठा वितरकाशी झालेल्या बोलण्याचा. व्हॉट्सअॅपवरचा प्रत्येक निरोप तारखेसकट छापून घेतलाय. जिथे दोघींनी नको ते कबूल केलं तो निरोपही ठेवलाय. वकिलापासून काहीही लपवायचं नाही, अडचणीचं तर मुळीच नाही.

(माळा. धुळीचा डबा. जवळून : बिलबुक.)

"ताई, जुनी बिलबुकं टाकली नाहीत ना?"

"अगं, मी कधी काही टाकते का?"

हे पहिलं बिलबुक. कार्बनची निळी प्रत, कोपऱ्याला हळदीचा डाग. वर रबरी शिक्क्यात तेच नाव, जे वितरकाला स्वतःच्या नावावर हवंय. दोघींना वाटत होतं ही रद्दी आहे. पण 1999 च्या ट्रेडमार्क कायद्यात आधीपासून नाव वापरणाऱ्याचा हक्क जपलेला आहे. ट्रेडमार्कच्या अर्जात नाव कधीपासून वापरात आहे ते लिहायचं असतं, आणि जुनी तारीख लिहिली तर प्रतिज्ञापत्रासोबत पुरावा जोडावा लागतो. तो पुरावा म्हणजे हे बिल. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेले असतात, मसाला येतो वर्ग 30 मध्ये. ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्ती, स्टार्टअप आणि लहान उद्योगाला एका वर्गासाठी 4,500 रुपये, इतरांना 9,000. लहान उद्योग म्हणून सवलत मिळते ती उद्यम नोंदणीमुळे. घराघरांतल्या बायका वर्षानुवर्षं स्वतःच्या नावाने माल विकतात आणि हा अर्ज तेवढा राहून जातो.

(वही. धाकटी लिहितेय.)

आता एका पानावर हकीकत. तारीखवार, साध्या मराठीत. धंदा कधी सुरू झाला, पैसे कोणी घातले, वितरक कधी भेटला, तो काय बोलला. खाली प्रश्न, महत्त्वाचा आधी.

पैसे कोणी घातले, या ओळीवर दोघी बराच वेळ अडल्या. थोरल्या जाऊबाईंनी बांगड्या गहाण ठेवल्या होत्या. मसाल्याचं प्रमाण धाकटीचं, तिच्या आईकडून आलेलं. हिस्सा किती, हे कधी बोललंच गेलं नव्हतं. दोघींमध्ये लेखी काही नसेल तर 1932 चा भागीदारी कायदा नफा सारखा वाटतो. फर्म नोंदवलेली नसेल तर करारातलं येणं वसूल करायला तिला बाहेरच्यावर दावा लावता येत नाही. आणि उलट काही ठरलेलं नसेल तर एक भागीदार वारला की फर्म संपते.

पाचवा प्रश्न त्या दुपारी वहीत चढला : आपल्या दोघींचं काय?

(करी रोड स्टेशन. स्लो लोकल. सीएसएमटीची गर्दी.)

फाइल थोरल्या जाऊबाईंच्या छातीशी. मूळ कागद घरी, सोबत झेरॉक्स. मूळ पाहायचे असतील तर वकील सांगतील, पहिल्याच दिवशी कोणाच्या ताब्यात द्यायचे नाहीत. प्रमाणाची चिठ्ठी धाकटीने आणलीच नाही, आणि बरोबर केलं. आपल्याकडे धंद्याच्या गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नाही, ती करारातूनच राखावी लागतात.

हुतात्मा चौक. मागच्या बाजूला हायकोर्टाची 1878 सालची इमारत. दोघींनी ती आजवर बसच्या खिडकीतूनच पाहिली होती. आज थोडं थांबून पाहिली.

(चेंबरचं दार. बंद होतं.)

आत कॅमेरा नव्हता आणि नसायलाच हवा. अशील आणि वकील यांच्यातलं बोलणं गोपनीय असतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमानेही ते संरक्षण कायम ठेवलंय. बेकायदेशीर कामासाठी मागितलेला सल्ला मात्र त्यात बसत नाही.

(जिन्यात दोघी. वहीवर लाल पेनच्या खुणा.)

बाहेर आल्यावर त्यांनी आम्हाला एवढंच सांगितलं. नव्वद दिवसांचं कलम टिकणारं नाही. 2006 च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे, करारात मुदत कितीही ठरवली तरी, 45 दिवसांच्या आत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. करार संपल्यानंतरची विक्रीबंदी 1872 च्या करार कायद्याच्या कलम 27 पुढे उभी राहत नाही. नावाचं कलम काढायचं, आणि अर्ज आधी आपण करायचा.

ट्रेडमार्कचा अर्ज झालाय. भागीदारीचा लेख स्टॅम्प पेपरवर लिहून झाला, हिस्सा निम्मा निम्मा, बांगड्यांचे पैसे आधी फेडायचे असं दोघींच्या संमतीने. फर्मच्या नोंदणीचे कागद दिलेत. वितरकाने 45 दिवस मान्य केले. नावाच्या कलमावर त्याचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि तोवर त्याला माल जातोय तो रोखीने.