खाली म्हणजे नेमकं कुठे?

नमस्कार श्रोतेहो. आज मृत समुद्राकाठी जाऊ या. नावाचा समुद्र, चारी बाजूंनी जमीन. एकोणीसशे वर्षांपूर्वी रोमच्या थोरल्या प्लिनीनं त्याला सरळ तळंच म्हटलं. हा प्लिनी म्हणजे ३७ खंडांचा निसर्गकोश लिहिणारा, व्हेसुव्हियस भडकला त्या इ.स. ७९ साली तिथेच प्राण गमावलेला. तो लिहितो, या तळ्यात बैल, उंटसुद्धा तरंगतात. मिठाच्या पाण्यात अंडं का तरंगतं, ते तुम्हाला सांगायला नकोच. जॉर्डन नदी या तळ्याकडे मनाविरुद्ध जाते, असंही तो म्हणतो. मला तर पाय ओढत सासरी निघालेली लेक दिसते! असं एक वाक्य हल्लीच्या भूगोलाच्या पुस्तकात सापडेल, तर शपथ.

पण मला सांगायची आहे ती गोष्ट वेगळीच. १९४७च्या सुमाराला या तळ्याच्या पश्चिम काठावर, कुमरानजवळ, बेदुइन, म्हणजे वाळवंटातले भटके, गुराखी जनावरं चारत होते. सांगतात असं, की हरवलेलं जनावर शोधताना एका पोरानं कड्यातल्या भोकात दगड भिरकावला. आतून आवाज आला... खळ्ळ! मडकं फुटल्याचा. पोरगा घाबरून पळाला. मग धीर करून परत गेले, तर गुहेत उंच रांजण, आणि रांजणात कापडात गुंडाळलेल्या चामड्याच्या गुंडाळ्या. दोन हजार वर्षांची हिब्रू हस्तलिखितं! त्या गुंडाळ्या पोचल्या कुठे, तर बेथलेहेमच्या एका चांभाराकडे. तो जुन्या वस्तूंचाही व्यापार करायचा. आपल्याकडे आजोबांच्या पोथ्या रद्दीवाल्याकडे जातात, तो तर वजनच करतो. असो.

तर रांजणात हस्तलिखितं. ठेवली कुणी? पंडितांना प्लिनी आठवला. त्यानं लिहिलंय, तळ्याच्या पश्चिमेला एसेन लोक राहतात, म्हणजे ज्यूंमधला एक विरक्त पंथ. बायका नाहीत, पैसा नाही, सोबतीला खजुराची झाडं. कुणी जन्माला येत नाही, तरी ही जमात संपत नाही, कारण संसाराला कंटाळलेले लोक येऊन मिळत राहतात. पश्चिम काठ, गुहाही पश्चिम काठावरच. जुळलं!

सगळ्यांना मात्र नाही पटलं. प्लिनी पुढे लिहितो, एसेनांच्या ‘खाली’ एन-गेदी हे गाव होतं. आता खाली म्हणजे दक्षिणेला, की डोंगरउताराला? दक्षिणेला असेल, तर एसेन कुमरानचे, कारण एन-गेदी कुमरानच्या दक्षिणेलाच आहे. उताराला असेल, तर ते एन-गेदीच्या डोंगरावरचे, आणि रांजण दुसऱ्याच कुणाचे. घाटावरची माणसं ‘खाली कोकणात’ म्हणतात, तेव्हा कुणी नकाशा काढत नाही. इथे मात्र त्या एका ‘खाली’वरून पंडितांचं भांडण अजून चालू आहे.