पण तिने धर्म का बदलला?

पत्रिकेवर 'कॉलेजातली मुलगी आणि तिची श्रद्धा' असं छापलंय, त्यावर बोलणारच आहे, पण आधी एक तक्रार. पंडिता रमाबाईंवर कुठेही बोला, शेवटी एक हात वर होतोच आणि प्रश्न ठरलेला, पण तिने धर्म का बदलला? (तिसऱ्या रांगेतले काका हसले, म्हणजे तयारीनेच आलेत.) जवळजवळ चौसष्ट वर्षांचं आयुष्य आणि आपल्याला त्यातली एकच तारीख हवी, २९ सप्टेंबर १८८३, इंग्लंडमधलं वाँटेज, बाप्तिस्मा. पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही, आणि मला तर पुढचंच आवडतं.

माझं कारण सांगते. मी होस्टेलला असताना सेकंड इयरला माझा देव गेला. कसा गेला विचारू नका, तेव्हा सगळ्यांचाच जायचा. मी घरी चार पानी पत्र लिहिलं, की आता मी काही मानत नाही, उपास करणार नाही, वगैरे, तालीम केल्यासारखं. आठ दिवस धडधड. मग दादांचं कार्ड आलं, 'मनीऑर्डर मिळाली का ते कळव.' बस! मला भांडायचं होतं हो, आणि समोर कुणीच नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री मी चोरून अथर्वशीर्ष म्हटलं आणि रूममेटने पाहिलं, ती अजून चिडवते. तर मला रमाबाईंचा हेवा वाटतो, कारण त्यांना भांडायला माणसं मिळाली.

मागचं तुम्हाला पाठ आहे. १८७४ चा दुष्काळ, आईवडील गेले तेव्हा पोर सोळा वर्षांची, १८८० ला भाऊ गेला, १८८२ ला नवरा, कडेवर मनोरमा. इंग्लंडला जाऊन शिकायचं होतं डॉक्टरकी, पण कानाने दगा दिला, ऐकू कमी यायला लागलं. मग १८८४ ला चेल्टनहॅम लेडीज कॉलेज, तिथे स्वतः शिकायचं आणि संस्कृत शिकवायचं.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतायत, म्हणजे मुद्दा राहिलाच की. बरं, पटापट.

सिस्टर जेराल्डिन म्हणजे धर्मातल्या गुरूच, त्यांची इच्छा की क्रूसावर लॅटिन अक्षरं असावीत. रमाबाई म्हणाल्या, संस्कृत हवं, आणि वर विचारलं की ब्राह्मणांना संस्कृतचं जे वाटतं तेच तुम्हाला लॅटिनचं वाटतं का? (हसा, हसा, दोन्हीकडे लागतंय ते.) मग बिशप मंडळींनी कळवलं की बाईने पुरुषांना शिकवणं बरं नाही. आता जी कलकत्त्याला पंडितांच्या सभेत बोलून 'सरस्वती' झाली तिला हे सांगायचं! तिसरं भांडण ट्रिनिटीचं, तीन मिळून एक देव हे त्यांच्या गळी उतरेना, आणि न पटता मान डोलवायला त्या तयार नव्हत्या. १८८५ ला लिहिलं, शब्द माझे, की भटांचं जोखड आत्ताच कुठे उतरवलंय, तसलंच दुसरं मानेवर घेणार नाही.

सिस्टरना हा अहंकार वाटला. चेल्टनहॅमच्या प्रिन्सिपल डोरोथिया बील यांना नाही वाटला, त्यांचं म्हणणं तिला शंका घेऊ द्या, ती अशीच विचार करत करत पुढे जाईल. माझा आजचा सगळा विषय या दोन बायकांमधल्या फरकात होता, आपल्याकडच्या होस्टेलात बील किती आणि सिस्टर किती, त्याची उदाहरणं आणली होती, पानं इथेच आहेत, पण आता वाचत नाही.

१८८६ ला त्या अमेरिकेला गेल्या, आनंदीबाई जोशींच्या पदवीदानाला. ते पुढच्या वेळी, संयोजकांनी परत बोलावलं तर. हं काका, विचारा.