आणि मधली वर्षं?

नमस्कार, श्रोतेहो.

रेडिओच्या माइकसमोर बसून टीव्हीवाल्यांचं कौतुक करायचं म्हणजे जरा अवघड काम आहे, पण आजचा विषयच तसा आहे. समोर एक माणूस बसवायचा, त्याला बोलतं करायचं आणि ऐकणाऱ्याच्या मनाला उभारी येईल अशी त्याची हकीकत त्याच्याच तोंडून काढून घ्यायची. एवढ्या एका कामावर कुणी अख्खं आयुष्य काढू शकतं का? काढलेलं आहे. आणि ज्या बाईने ते सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर काढलं, ती आमच्या बिरादरीतून, म्हणजे रेडिओतून तिकडे गेली. याचा मला थोडा अभिमान वाटतो, तो लपवत नाही.

ओप्रा विन्फ्रे, अमेरिकन टीव्हीवरची मुलाखतकार. जन्म 29 जानेवारी 1954, अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात. सुरुवातीची वर्षं आजीच्या शेतावर गेली. लहानपणी घरातल्याच माणसांकडून अत्याचार झाले. ते तिने पुढे स्वतःच्या कार्यक्रमात सगळ्या देशासमोर सांगितलं. शाळकरी वयात नॅशव्हिलला वडिलांकडे राहायला आली आणि तिथल्या एका स्थानिक स्पर्धेत जिंकली. बक्षीस घ्यायला रेडिओ केंद्रावर गेली, तेव्हा तिथल्या लोकांनी गंमत म्हणून तिला बातम्यांचा कागद वाचायला दिला. तिने तो असा वाचला की त्यांनी तिला कामावरच ठेवून घेतलं. आमच्याकडेही ‘युववाणी’ या तरुणांच्या कार्यक्रमाला आलेली काही पोरं अशीच आवाजाच्या जोरावर राहिली, त्यामुळे मला हा प्रसंग खोटा वाटत नाही.

इथवरची गोष्ट कुणीही सांगेल. गरीब घर, हुशार मुलगी, एक संधी. यानंतर सांगणारे एकदम 1986 वर उडी मारतात. त्या वर्षी 8 सप्टेंबरला तिचा कार्यक्रम अमेरिकाभर दिसू लागला, पुढे 25 वर्षं चालला, 25 मे 2011 ला थांबला, आणि तोवर साडेचार हजारांवर भाग झाले होते. टाळ्या. पण मला रस आहे तो उडी मारताना जे खाली राहून गेलं त्यात.

1976 साली, बाविसाव्या वर्षी, ती बाल्टिमोरच्या एका वाहिनीवर संध्याकाळच्या बातम्या द्यायला गेली. मोठी नोकरी होती. वर्षही पूर्ण झालं नाही, तोच तिला त्या बातम्यांवरून काढलं. ज्यांचं घर जळालं, त्यांच्यासमोर माइक धरायचा आणि ‘तुम्हाला कसं वाटतंय’ विचारायचं, हे तिला जमेना. तिला रडू यायचं. बातमीदाराने रडायचं नसतं, हे बरोबरच आहे. करार बाकी होता म्हणून तिला घरी पाठवलं नाही, इकडची तिकडची फुटकळ कामं दिली. शेवटी 1978 मध्ये सकाळच्या एका गप्पांच्या कार्यक्रमात बसवलं. ही बढती नव्हती, सोयीची जागा होती. पहिल्याच दिवशी तिच्यासमोर बसला होता एक आईस्क्रीमच्या धंद्यातला माणूस. आणि ती सांगते की त्या दिवशी तिला घरी आल्यासारखं वाटलं.

आता या बाईला नेमकं काय येत होतं? आपल्या खान्देशात रात्री अंगणात खाटा टाकून कुणी गोष्ट सांगायला बसलं की एकाने हुंकारी द्यायची असते. ‘हां’, ‘बरं’, ‘मंग काय व्हयनं?’ हुंकारी थांबली की सांगणारा थांबतो, ऐकणारे झोपले असं धरून चालतो. गोष्ट सांगणारे गावात चार असतात, पण मन लावून हुंकारी देणारा एखादाच. ओप्रा ही धंदेवाईक हुंकारी देणारी होती, असं मी म्हणते. तिच्या आधी टीव्हीवर फिल डोनाह्यू 1967 पासून प्रेक्षकांत माइक घेऊन हिंडत होता आणि बायकांच्या प्रश्नांवर दुपारच्या वेळी बोलत होता. वाट त्याने पाडली. पण 1984 च्या जानेवारीत ती शिकागोला आली आणि महिन्याभरात त्याच्याच शहरात त्याच्या पुढे गेली. तो प्रश्न चांगले विचारायचा, ती उत्तर संपेपर्यंत थांबायची.

हे थांबणं आम्हा रेडिओवाल्यांना परवडत नाही बरं का. इथे चार-पाच सेकंद आवाज आला नाही की ड्युटी ऑफिसरच्या पोटात गोळा येतो, ट्रान्समीटर बंद पडला की काय म्हणून. टीव्हीवर मात्र गप्प बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत राहतो. तेवढ्या एका बाबतीत मला त्यांचा हेवा वाटतो.

आता जी गोष्ट कमी सांगितली जाते ती. सुरुवातीची काही वर्षं तिचाही कार्यक्रम भांडणांवर चालायचा. नवरा, बायको आणि तिसरी एकाच मंचावर. 1988 मध्ये तर तिने वर्णद्वेषी टोळक्यातल्या पोरांना बोलावलं आणि त्यांनी तिच्याच मंचावरून आपलं विष पसरवून घेतलं. पुढे तिने हे सगळं बंद करायचं ठरवलं. नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून लोकांना काहीतरी देऊन जाईल तेच दाखवायचं, असं धोरण ठेवलं, 1996 मध्ये पुस्तकांचा कट्टा सुरू केला. आणि त्याची किंमतही मोजली. 1998 च्या सुमारास जेरी स्प्रिंगरच्या कार्यक्रमाने तिला काही काळ मागे टाकलं, जिथे खुर्च्या उचलून मारामाऱ्या व्हायच्या.

मग ती तरली कशी? मनाच्या मोठेपणावर तरली असं म्हणायला छान वाटतं. खरं कारण रोखठोक आहे. 1988 पासून कार्यक्रमाची मालकी तिच्या स्वतःच्या कंपनीकडे होती. वरून फोन करून ‘बाई, पुढच्या आठवड्यात जरा भांडण दाखवा’ म्हणणारा साहेबच नव्हता. आपल्याकडच्या एखाद्या सूत्रसंचालकाला आशेच्या गोष्टी दाखवायच्या असल्या, तरी सातबारा त्याच्या नावावर नसतो. हे लक्षात ठेवून त्यांच्यावर टीका करावी.

2004 च्या सप्टेंबर महिन्यात एक गंमत झाली. तिकडे ओप्राने स्टुडिओतल्या 276 प्रेक्षकांना प्रत्येकी एक नवीकोरी मोटार देऊन टाकली. लोक किंचाळले, रडले, नाचले. मग कळलं की मोटारीवर आयकर भरावा लागणार, तोही काही हजार डॉलर. काहींना तो जड गेला. आणि त्याच महिन्यात इकडे झीच्या मराठी वाहिनीवर आदेश बांदेकर पैठणी घेऊन लोकांच्या घरात शिरले. ‘होम मिनिस्टर’ पुढे 2022 पर्यंत चाललं. त्याला मुलाखतीचा कार्यक्रम कुणी म्हणत नाही, खेळ म्हणतात. मी म्हणते. पैठणी कुणाला मिळाली हे दुसऱ्या दिवशी विसरायला व्हायचं; पण ज्या सुनेला त्या घरात कधी कुणी ‘तुला काय वाटतं’ विचारलं नव्हतं, तिला सासू, नवरा आणि अख्ख्या महाराष्ट्रासमोर ते विचारलं गेलं. बांदेकर भावोजी थट्टेवारी नेत असले तरी तिचं वाक्य पूर्ण होऊ द्यायचे. आमच्या जळगावच्या गल्लीत तेव्हा संध्याकाळी दळण घ्यायला गिरणीत कुणी भेटायचं नाही.

तसा आपला टीव्ही या कामात नवशिका नाही. मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं आणि त्याच वर्षी तबस्सुम यांनी ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ हा गप्पांचा कार्यक्रम सुरू केला, तो 1993 पर्यंत चालवला. त्याच सुरुवातीच्या दूरदर्शनवर बातम्या वाचायला एक मुलगी बसायची, शिरपूरच्या शिवाजीराव पाटलांची स्मिता, पुढे सिनेमात गाजलेली स्मिता पाटील. विषयाला धरून नाही, पण खान्देशात बसून दूरदर्शनचं नाव काढायचं आणि तिचं नाही, असं करवत नाही.

आता आपल्या मातीत येते. यावल तालुक्यात एका बाईंचा केळीचा बाग आहे. नवरा गेल्यावर त्यांनी बाग एकटीने सांभाळला. आम्ही शेतीच्या कार्यक्रमासाठी ध्वनिमुद्रणाला गेलो, तेव्हा एका वाहिनीची गाडी आधीच येऊन उभी होती. बाई घड कापून आलेल्या, लुगड्यावर केळीच्या चिकाचे काळे डाग. ज्यांच्या घरी केळी आहे त्यांना माहीत आहे, हा डाग सात धुण्यांत जात नाही. वाहिनीच्या मुलाने आधी त्यांना साडी बदलायला सांगितली. मग घडाशेजारी उभं करून विचारलं, ‘एवढी हिंमत तुम्ही कुठून आणली?’ बाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जसं बोर्डभावापेक्षा, म्हणजे केळीच्या जाहीर झालेल्या दरापेक्षा, कमी भाव सांगणाऱ्या व्यापाऱ्याकडे पाहतात. म्हणाल्या, ‘हिंमत कशाची रे भाऊ, सोसायटीचा हप्ता व्हता.’

शेतीकर्जाच्या हप्त्याचं हे वाक्य वाहिनीवर आलं नाही. आलं काय, तर नव्या साडीतल्या बाई, हलणारी पानं आणि बासरी.

ती गाडी गेल्यावर बाई पुन्हा जुनं लुगडं नेसून ओट्यावर बसल्या आणि मी विचारलं, वादळात बाग आडवा झाला त्या वर्षी घर कशावर चाललं? मग त्या जे बोलल्या ते संपेपर्यंत चहा दोनदा झाला. ‘काय सांगू तुले,’ असं म्हणत म्हणत सगळंच सांगितलं. पहिल्या पावसाळ्यात मृगबाग, म्हणजे पावसाच्या तोंडावरची नवी लागवड, लावायला पैसे नव्हते, म्हणून फक्त पिलबागावर, जुन्या खोडाच्या पिलांवर, भागवलं. मोठ्या मुलीची बारावी एक वर्ष लांबली. दिराशी बांधावरून बोलणं बंद होतं, आणि तोच दीर वादळानंतर न बोलता येऊन दिवसभर मोडकी खोडं ओढत राहिला. संध्याकाळी न जेवता गेला. आमच्या रेकॉर्डरवर मागे कोंबड्यांचा आवाज फार आला आहे, पण आम्ही तो ठेवला.

माझं म्हणणं एवढंच आहे की आशेच्या गोष्टीतली ताकद या मधल्या वर्षांत असते, आणि टीव्हीच्या संकलनात पहिली कात्री त्यांनाच लागते. वेळ नसतो, मान्य. पण मधली वर्षं काढली की उरतो तो चमत्कार, आणि चमत्कार बघून माणूस हात जोडतो, कामाला लागत नाही.

ओप्रालाही याचा एकदा चटका बसला. 2005 मध्ये तिने एका व्यसनमुक्त लेखकाची आत्मकथा आपल्या कट्ट्यावर निवडली. लाखो प्रती खपल्या. मग उघड झालं की त्यातल्या बऱ्याच गोष्टी रचलेल्या आहेत. आधी तिने त्याची बाजू घेतली. ‘लोकांना धीर मिळाला ना’ असा तो सूर होता. टीका झाल्यावर 2006 च्या जानेवारीत त्याला परत बोलावलं आणि सगळ्यांसमोर एकेक प्रसंग खरा की खोटा, विचारलं. काहींना ते क्रूर वाटलं. मला वाटतं, ते आवश्यक होतं.

आपल्याला रचायची गरजच नाही. धुळे जिल्ह्यातल्या एकट्या साक्री तालुक्याकडे पाहा. बारीपाडा गाव, गुजरातच्या सीमेजवळचं. चैत्राम पवार एम.कॉम. होऊन गावातच राहिले. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून गावाने ठरवून सुमारे 400 हेक्टर जंगल राखलं. 2025 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा सगळ्या वाहिन्यांचे कॅमेरे तिकडे वळले. म्हणजे मध्ये तीस वर्षं गेली! कुऱ्हाड लावेल त्याला दंड, असा नियम गावानेच केला, आणि दंड भरणारा शेजारीच असणार ना? पाहुणा, सोयरा, भाऊबंद. त्या बैठकांत काय बोलणी झाली असतील, कोण रुसलं असेल, सरपणाशिवाय चूल कशी पेटली असेल? मला कुणी अर्ध्या तासाचा टीव्ही कार्यक्रम दिला तर मी पुरस्काराबद्दल एक प्रश्न विचारीन आणि चुलीबद्दल दहा. दरवर्षी तिथे बायका रानभाज्या रांधून स्पर्धा लावतात, तिथेच त्या बोलतील, स्टुडिओत नाही.

त्याच तालुक्यातल्या सामोडेचे डॉ. राजेंद्र भारूड. भिल्ल वस्तीतलं घर, वडील जन्माआधीच गेलेले, आई मोहाची दारू विकून घर चालवायची. मुलगा डॉक्टर झाला, आयएएस झाला, आणि करोनाच्या दुसऱ्या लाटेत नंदुरबारचा जिल्हाधिकारी असताना त्याने ऑक्सिजनची तयारी आधीच करून ठेवली होती म्हणून देशभर नाव झालं. सगळ्या मुलाखतींत त्यांच्या आईचा उल्लेख येतो, आदराने येतो. पण ती माउली स्वतः समोर बसून, आपल्या बोलीत, कुणी न घाई करता बोलते आहे, असा तासभराचा कार्यक्रम मला पाहायचा आहे.

तोवर आम्ही आमच्यापुरतं सुरू करतो. पुढच्या महिन्यापासून दर रविवारी सकाळी तुमच्याच गावातल्या अशा माणसांच्या मुलाखती आम्ही घेणार आहोत. नावं तुम्ही कळवायची आहेत. सत्काराचे फोटो पाठवू नका, रेडिओवर ते दिसत नाहीत. माणसाला काय मिळालं हेही थोडक्यात लिहा. ज्या वर्षी काहीच मिळालं नाही त्या वर्षाबद्दल मात्र पानभर लिहा: उधारी कुणाकडे होती, दुकानदाराने दिली की नाही, घरातलं कोण बोलेनासं झालं. अहिराणीत लिहिलं तरी चालेल, लेवा बोलीत लिहिलं तरी चालेल. आणि ज्यांच्याबद्दल लिहाल त्यांना आधी विचारा, नाहीतर आम्ही टेपरेकॉर्डर घेऊन दारात यायचो आणि ते काठी घेऊन बाहेर यायचे.

नमस्कार.