तीन महिन्यांचं इंजेक्शन

श्रोतेहो, नमस्कार. आज प्रोस्टेटच्या कॅन्सरवरच्या एका इंजेक्शनबद्दल बोलायचं आहे. ल्युप्रोलाइड त्याचं नाव. पण आधी आमच्या आबाजींचं ऐका.

आबाजी म्हणजे माझे चुलतसासरे, यवतमाळ जिल्ह्यातले कोरडवाहू शेतकरी. कॅन्सर हाडांत उतरलेला. नागपूरला इंजेक्शन सुरू झालं, दर तीन महिन्यांनी एक. कंबरदुखी थांबली, आबाजी पुन्हा बंडी हाकू लागले. पुढची तारीख आली ती नेमकी दिवाळीनंतर, ऐन वेचणीत. मजूर मिळेना. मी फोन केला, तर म्हणतात, "काहून जाऊ सूनबाई? दुखत नाई, खुपत नाई. कापूस घरात येऊ दे, मंग पाहू."

तर संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले. आबाजी ओसरीत बाजेवर. बोटांच्या पेरांवर बोंडांचे ओरखडे अजून ताजे. मला पाहून उठायला गेले, दोन्ही हातांनी बाज धरली, तरी कंबर काही उचलेना. काकूंनी मागून आधार दिला तेव्हा बसते झाले. रक्त तपासलं, पीएसए, म्हणजे हा कॅन्सर वाढला की रक्तात वाढणारा घटक, पुन्हा चढलेला.

असं का झालं? या इंजेक्शनात भुकटी असते. सिस्टर ती द्रवात कालवतात आणि लगेच टोचतात. भुकटीचा एकेक कण केसाहून बारीक, गोल. त्याला मायक्रोस्फियर म्हणतात. दह्यात जे लॅक्टिक आम्ल असतं, त्याच्यापासूनच हा कण बनवतात आणि त्यात औषध मुरवलेलं असतं. कण अंगात हळूहळू झिजतो, तसतसं औषध सुटतं. पूर्वी हेच औषध रोज टोचावं लागे. 1989 साली अमेरिकेत महिनाभर पुरणाऱ्या इंजेक्शनाला परवानगी मिळाली, पुढे तीन महिन्यांचं आलं. या औषधानं टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन बनणं थांबतं. हा कॅन्सर त्याच हार्मोनवर पोसतो. कण संपले, की हार्मोन पुन्हा बनू लागतं.

म्हणून पुन्हा सांगते, दुखणं थांबलं तरी तारीख चुकवायची नाही. वेचणी असो, लग्न असो, तारीख चुकवायची नाही.

आणखी एक. पहिल्या इंजेक्शननंतर आठवडा-दोन आठवडे हार्मोन उलट वाढतं, दुखणंही वाढू शकतं. घाबरून उपचार सोडू नका. त्यासाठी डॉक्टर वेगळ्या गोळ्या देतात, त्या नेमानं घ्या. मात्र त्या दिवसांत पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर सकाळच्या एसटीची वाट पाहू नका. मिळेल त्या गाडीनं त्याच रात्री मोठ्या दवाखान्यात न्या. नमस्कार.