न वेल्डिंग करता जुळलेला नट

(दृश्य : वावरात उभी सौर पंपाची चौकट. कॅमेरा पॅनलच्या खालून. एक हात, एक पाना.)

हा नट आता पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. अर्ध्या आट्यांवर धरलाय. गंज म्हणावा, तर बोल्ट आज सकाळीच पुडीतून काढलेला, चकचकीत स्टेनलेसचा. पाना जोरात ओढला तर नट सुटायचा नाही, बोल्टच पिळवटून तुटेल.

हे वावर आहे यवतमाळहून दारव्ह्याला जाणाऱ्या रस्त्यालगत. चौकट वर्षानुवर्षं उन्हापावसात उभी राहायची, म्हणून नट-बोल्ट स्टेनलेसचे. गंज लागू न देणारी त्याची कातडी इथे अंगाशी आली.

स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडचा थर असतो, जाडी अवघी काही नॅनोमीटर. ओरखडा पडला तरी हवा लागताच तो पुन्हा धरतो. पण आट्यांच्या फटीत, दाबाखाली घासताना तो खरवडून निघतो आणि तिथे हवा पोचत नाही. उघडं स्टील उघड्या स्टीलला भिडतं.

(दृश्य : कापून उघडलेला नट, अगदी जवळून. फाटलेले, ओढलेले आटे.)

डोळ्यांना गुळगुळीत दिसणारा धातू खरं तर उंचवट्यांनी भरलेला असतो. दोन पृष्ठभाग टेकतात ते या उंचवट्यांच्या टोकांवरच, आणि सगळा भार त्या इवल्याशा जागेवर येतो. तिथे धातू धातूला चिकटतो, नट फिरला की तुटतो. तुटलेला गोळा रगडून रगडून मूळ धातूपेक्षा कठीण होतो आणि समोरचे आटे नांगरत सुटतो. त्यातून आणखी गोळे. दोन-तीन फेऱ्यांत खेळ खलास.

“मशीननं आवळत होतो भाऊ, येकदम धरलं,” बसवणारा पोरगा म्हणतो. मशीन म्हणजे इम्पॅक्ट रेंच. वेगानं फिरवलं की उष्णता वाढते, आणि उष्णता या चिकटण्याला मदतच करते. काम लवकर उरकावं म्हणून आणलेलं हत्यार इथे अर्धा तास खातं.

स्टेनलेस हातानं, सावकाश आवळावं. आधी आट्यांतली माती पुसावी. मग अँटी-सीझ पेस्ट लावावी. त्यात मॉलिब्डेनम डायसल्फाइड किंवा निकेलची भुकटी असते आणि ती दोन धातूंना एकमेकांना शिवू देत नाही. मात्र पेस्ट लावल्यावर नेहमीइतका जोर लावायचा नाही. एरवी बराचसा जोर घासण्यातच जातो. तो वाचला की बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. आणि नट मध्येच जड लागला, तर “अजून थोडं” करत बसू नये. लगेच उलटा फिरवून पाहावा. निघाला तर ठीक, नाहीतर ग्राइंडर चालवून नवा टाकावा.

(दृश्य : रस्त्याकडेचं लेथचं दुकान. दारात सोयाबीनच्या हंगामातली ट्रॉली, जॅकवर.)

नट एकदाच आवळायचा असतो. इथली पीन मात्र रोज हलते.

मिस्त्रींच्या हातात ट्रॉलीची झिजलेली पीन आहे. एका बाजूनं इतकी खाल्लेली, की बोटाला खड्डा लागतो. बुश, म्हणजे पीन ज्यात फिरते ती नळी, पाहिला तर साध्या लोखंडी पाइपाचा, कोणीतरी स्वस्तात कातून बसवलेला. पीनही साधीच. “लोखंडावर लोखंड घासलं तं काय होईन?” मिस्त्री विचारतात, आणि उत्तराची वाट न पाहता गनमेटलचा तुकडा चकमध्ये धरतात.

गनमेटल म्हणजे तांबं, कथील आणि थोडं जस्त. पोलादाशी ते सहजासहजी चिकटत नाही, आणि झिजलं तरी आधी तेच झिजतं. पीन वाचते, बुश बदलता येतो. बीड, म्हणजे ओतीव लोखंडही चालतं, कारण त्याच्या पोटातच ग्रॅफाइट असतं. हलणाऱ्या जोडीत एक कठीण आणि एक नरम, आणि शक्यतो जात वेगळी, हे धोरण जुनं आहे. महाग बुशाबद्दल कुरकुर होते. पण भर हंगामात ट्रॉली दोन दिवस उभी राहिली, तर त्या भाड्यात किती बुश आले असते, हा हिशेब कुणी मांडत नाही.

आर्चर्ड या ब्रिटिश संशोधकानं १९५३ साली झिजेचं साधं गणित मांडलं : भार दुप्पट तर झीज दुप्पट, धातू दुप्पट कठीण तर झीज निम्मी. पण हे गणित झीज शांतपणे चाललेली असेल तोवरच. धातूनं धातूला चावायला सुरुवात केली, की ते लागू राहत नाही.

(दृश्य : ग्रीसचा डबा, शेजारी शेताच्या धुऱ्यावरची एरंडी.)

बंडीच्या आखाला पूर्वी एरंडेलात काजळी कालवून वंगण घालत. आज डब्यातलं लिथियम ग्रीस आलं, पण एरंडी सुटलेली नाही. ग्रीस म्हणजे साबणाच्या बारीक तंतूंत धरून ठेवलेलं तेल, आणि लिथियम ग्रीसचा हा साबण बहुतेक वेळा एरंडेलापासून काढलेल्या आम्लाचाच असतो. जगात सर्वांत जास्त एरंडी भारतात पिकते. धुऱ्यावरच्या या झाडाकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहत नाही.

(दृश्य : ग्रीस गन, निप्पल. काळं ग्रीस बाहेर येतं.)

निप्पल, म्हणजे ग्रीस आत घालायचं तोंड, आधी फडक्यानं पुसा, नाहीतर त्यावरची धूळ तुम्हीच आत ढकलाल. धुळीतले गारगोटीचे कण साध्या लोखंडापेक्षा कठीण असतात. ग्रीसमध्ये मिसळले की ते वंगण राहत नाही, पॉलिशचा मसाला होतो. म्हणून जुनं काळं ग्रीस निघून नवं, स्वच्छ दिसेपर्यंत गन मारायची. सील असलेल्या बेअरिंगला मात्र बेतानं, नाहीतर सील फुटतं.

पीनच्या कडेनं बाहेर आलेल्या ग्रीसकडे दुकानातला पोरगा फडकं नेतो.

“पुसू नको बावा, राहू दे. धूळ तिथंच अडकते,” मिस्त्री म्हणतात.