नागपूरच्या शतकाच्या खात्यावर एक मूल

31 ऑक्टोबर 1987. इथेच, सिव्हिल लाइन्सच्या मैदानावर, विश्वचषकाचा सामना होता, समोर न्यूझीलंड. मी तेव्हा मेडिकलला होतो. वॉर्डातली ड्यूटी मित्राच्या गळ्यात मारून गेलो होतो. चेतन शर्माची हॅट्ट्रिक पाहिली आणि मग अंगात ताप असलेल्या सुनील गावस्करांचं शतक. 88 चेंडूंत नाबाद 103! 1975च्या विश्वचषकात साठ षटकं खेळून नाबाद 36 करणारा माणूस हाच, हे माझ्या शेजारच्या काकांना काही केल्या पटेना. एकदिवसीय सामन्यांतलं त्यांचं ते एकुलतं एक शतक.

हे आज सांगण्याचं कारण वेगळं आहे. 10 जुलै 2020 रोजी गावस्कर 71 वर्षांचे झाले. त्या निमित्तानं त्यांनी खारघरच्या श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात 35 मुलांच्या हृदयाच्या ऑपरेशनचा खर्च उचलायचं ठरवलं. पस्तीसच का? कसोटीतली 34 शतकं आणि हे आपलं नागपूरचं एक. म्हणजे एक मूल आपल्या मैदानाच्या खात्यावर आहे. वाजवा टाळ्या, हरकत नाही.

आता बालरोगतज्ज्ञ म्हणून बोलतो. हजार बाळांमागे आठ-दहा बाळं हृदयात दोष घेऊन जन्मतात. आपल्या देशात वर्षाला अशी दोन लाख तरी. त्यांच्यापुढे 35 म्हणजे काहीच नाही. याच कामासाठी गावस्कर अमेरिकेतल्या शहरांतूनही निधी गोळा करत फिरले आहेत, ते उगाच नाही. पण मला तो आकडा आवडतो. मोठ्या माणसांचं दान पुष्कळदा फोटोपुरतं असतं. थर्माकोलचा भला मोठा चेक, आणि पुढे काय झालं ते कुणी विचारत नाही. इथे मोजमाप रुपयांचं नाही, मुलांचं आहे. नव्व्याण्णवला शतक म्हणत नाहीत, आणि ऑपरेशनही तीन चतुर्थांश करून सोडता येत नाही.

दोष ओळखायचा कसा? बाळ अंगावर पिताना मध्येच थांबतं, धापा टाकतं. डिसेंबरच्या थंडीत त्याच्या कपाळावर घामाचे थेंब दिसतात. वजन वाढत नाही, महिन्या-दोन महिन्यांनी न्यूमोनिया. घरातले म्हणतात, दात येत असतील. हृदयातली काही छोटी भोकं आपोआप बुजतात, हे खरं. पण मोठ्या भोकातून फुप्फुसांकडे जास्तीचं रक्त जात राहतं, तिथल्या रक्तवाहिन्या कडक होतात, आणि एका टप्प्यानंतर सर्जनही हात लावत नाही. पैसे जमवण्यात गेलेलं वर्ष असं अंगाशी येतं. 2013 साली पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, अंगणवाडीत मुलं तपासली जाऊ लागली, तेव्हापासून ही बाळं जरा लवकर हाती लागतात.

गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावकडचं एक बाळ असंच आलं होतं. सात महिन्यांचं, वजन साडेचार किलो. स्टेथोस्कोप लावायच्या आधी नुसत्या हाताला छातीतली थरथर लागत होती. गोंदियाहून खारघरपेक्षा रायपूर जवळ, म्हणून सत्य साई संजीवनीच्याच नवा रायपूरच्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तिथे पैसे घेत नाहीत, हे मी दोनदा सांगितलं. आजीनं मान हलवली आणि धान विकून आलेले पैसे पदरात बांधूनच गाडीत बसली.

महिन्याभरानं तपासणीला आले. बाळ घटाघटा पीत होतं. आजी मात्र थोडी घुश्शात. "डाक्टर, तिथं पैशे भरायची खिडकीच नाही जी. मी दोनदा गेटपर्यंत जाऊन पाहून आली." गाठ तशीच होती. ती तिनं माझ्यासमोर सोडली, नोटा मोजल्या आणि पुन्हा बांधली.